पडला तर, पडला असता तर

(नीरा नरसिंहपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर या पंचक्रोशीतल्या पोरांना इंग्रजी शिकवलं. म्हणून मी विषयही इंग्रजीच्या तासाचाच निवडला आहे. इंग्रजीतली जर-तरची वाक्यं आणि त्यांत क्रियापदाचा काळ कोणता घ्यायचा, हा तो विषय. मीही तीच चाकरी केली आणि या एका धड्यावर मुलांना जितकं अडखळताना पाहिलं, तितकं दुसऱ्या कुठल्याही धड्यावर पाहिलं नाही.

नरसिंहपुरात जर-तरशिवाय पावसाळा जात नाही. वीर धरणातून नीरेला पाणी सोडलं तर. उजनीतून भीमेला सोडलं तर. आणि दोन्हीकडून एकदम सोडलं तर. संगमावरच्या माणसाला या तिन्ही वाक्यांतला फरक शिकवावा लागत नाही. तिसरं वाक्य कानावर आलं की नदीकाठच्या मोटारी रातोरात वर ओढल्या जातात. ज्या गावात शक्यतेचा असा बारीक हिशोब घरोघर चालतो, तिथल्या मुलाला जर-तर कळत नाही असं कोण म्हणेल? तरीही इंग्रजीच्या पेपरात त्याचे मार्क नेमके इथंच कापले जातात.

तो लिहितो, 'इफ द डॅम विल रिलीज वॉटर, द रिव्हर विल राइज.' बाई किंवा सर पहिल्या 'विल'वर लाल रेघ मारतात आणि वर 'रिलीजेस' लिहितात. मुलगा विचारतो, पाणी तर उद्या सुटणार, मग वर्तमानकाळ का? उत्तर ठरलेलं असतं: तसा नियम आहे, पाठ कर. या उत्तरानं माझं समाधान कधीच झालं नाही. मुलाचा प्रश्न रास्त आहे. त्याला नीट उत्तर मिळायला हवं, आणि ते त्याच्याच भाषेत सापडतं, असं मला आज सांगायचं आहे.

आपण म्हणतो, 'पाणी सोडलं तर नदी वाढेल.' यातलं 'सोडलं' हे रूप शाळेच्या पुस्तकात भूतकाळाच्या रकान्यात छापलेलं असतं. प्रत्यक्षात पाणी अजून सुटलेलं नाही. म्हणजे भविष्यातल्या गोष्टीसाठी इंग्रज वर्तमानकाळाचं रूप घेतो, तर आपण थेट भूतकाळाचं घेतो! तरी आपल्याला कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही, कारण ते रूप तिथं काळ सांगतच नाही. ते सांगतं की, ही क्रिया पुरी झाली असं घटकाभर धरून चाला. मग पुढं काय होईल ते मी सांगतो.

असं आपण दिवसभर बोलत असतो. 'तू हो पुढं, मी आलोच.' हे म्हणणारा माणूस अजून उंबऱ्याच्या आतच असतो, पायात चप्पलही नसते. तरी 'आलोच'. तलाठी कार्यालयात जाऊन आपण म्हणतो, 'भाऊसाहेब, एक सातबारा हवा होता.' हवा होता म्हणजे काल हवा होता आणि आज नको, असं नाही. आत्ताच हवा आहे. पण 'सातबारा हवा' म्हटलं तर मागणी अंगावर गेल्यासारखी होते. भूतकाळाचं रूप घातलं की ती एक पाऊल मागं सरते, समोरच्याला नाही म्हणायलाही जागा राहते. इंग्रज माणूस अदबीनं बोलताना हेच करतो: 'आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग.' विचारायचं आत्ता आहे, क्रियापद मात्र मागं सारलेलं.

हे एकदा ध्यानात आलं की धड्याचं मर्म हाती येतं. क्रियापदाचं रूप मागं सरकवण्यानं दोन वेगळ्या गोष्टी सांगता येतात. एक, घटना काळानं मागं आहे. दुसरी, घटना खरेपणापासून दूर आहे. इंग्रजी जर-तरच्या वाक्यात हे दुसरं काम मुख्य असतं. तिथं काळ निवडणं म्हणजे, मी जे बोलतो आहे ते घडण्याजोगं मानतो की नाही, हे ठरवणं. घड्याळ नंतर पाहायचं.

मग आपल्या मुलांचा घोळ का होतो? एक कारण नावांचं आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठी भाषेचं व्याकरण छापलं, तेव्हा त्यांचं वय अवघं बावीस वर्षांचं होतं. त्या कामाचं मोल फार मोठं आहे आणि मराठीचे पाणिनी हा मान त्यांना मिळाला तो योग्यच आहे. पण त्या काळी इंग्रजी व्याकरणाचे साचे समोर होते आणि आपल्या रूपांना नावं देताना त्या साच्यांचा आधार घेतला गेला. 'पडला', 'आला', 'सोडलं' या रूपांवर भूतकाळाचा शिक्का बसला. शिक्का बहुतेक ठिकाणी बरोबर आहे, पण 'पडला तर'मध्ये आणि 'आलोच'मध्ये तो लागू पडत नाही. पुढं १९११ साली मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आलं. त्यात रूप आणि अर्थ यांची फारकत किती बारकाईनं केली आहे, ते शिक्षकांनी जरूर वाचावं. आपल्याकडं स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे क्रियापदाचे चार अर्थ शिकवले जातात. संकेतार्थ म्हणजे हेच जर-तर. शाळेत तो मराठीच्या तासाला दोन मार्कांपुरता येतो आणि इंग्रजीच्या तासाला त्याची आठवणही कुणाला होत नाही.

दुसरं कारण अधिक खोल आहे. मूल 'सोडलं तर'चं शब्दशः भाषांतर करून 'इफ द डॅम रिलीज्ड' असं सहसा लिहीत नाही. ते 'विल' लिहितं. हे 'विल' येतं कुठून? मला वाटतं, तेही मराठीतूनच येतं. घटना असेल तर आपण 'पडला तर', 'आला तर' म्हणतो. पण स्थिती असेल तर काय म्हणतो? 'तो घरी असेल तर बोलाव.' 'पैसे असतील तर दे.' 'तू येणार असशील तर मी थांबते.' असेल, असतील, असशील ही सगळी भविष्यकाळाची रूपं आहेत. पोराच्या कानात जरच्या बाजूला 'असेल' घट्ट बसलेलं असतं. ते इंग्रजीत 'इफ ही विल बी ॲट होम' होऊन उतरतं. मुलगा अविचारानं चुकत नाही. एका भाषेचा नियम इमानानं दुसऱ्या भाषेत नेतो. हे त्याला सांगितलं तर चूक सुधारायला सोपी जाते आणि त्याचा मानही राहतो.

इंग्रजीचा नियम असा की 'इफ' म्हटलं, की धरून चालणं सुरू झालं. पुढचं होईल-न-होईल हे त्या एका शब्दानं सांगून टाकलं, म्हणून क्रियापदावर वेगळा 'विल' चढवायची गरज उरत नाही. रूप साधं राहतं. 'इफ इट रेन्स, वुई विल सो.' भविष्य फक्त दुसऱ्या अर्ध्यात, जिथं आपण खरोखर काही सांगतो आहोत. 'इफ'च्या पाठोपाठ 'विल' मुळीच येत नाही असं मात्र नाही. 'इफ यू विल साइन हिअर' म्हणजे, आपण इथं सही करायला राजी असाल तर. तिथं 'विल' राजीखुशी सांगतो. काही शिक्षक हे वाक्यही चूक देतात. ते चूक नाही.

जाता जाता आणखी एक. आपण 'जर' खुशाल गाळतो, पण 'तर' गाळत नाही. इंग्रज 'इफ' धरतो आणि 'देन' सहसा सोडून देतो. मराठी ऐकणाऱ्याला हे जर-तर आहे हे अर्धं वाक्य संपताना कळतं, इंग्रजी ऐकणाऱ्याला पहिल्या शब्दाला. म्हणून आपली मुलं प्रत्येक वाक्यात 'देन' घालतात. ती काही मोठी चूक नव्हे, त्यावर शाई खर्च करू नये.

आता न झालेल्या गोष्टींकडं येऊ. 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं.' हे वाक्य दोन्ही बाजूंनी सारखं आहे: पडला असता, आलं असतं. गंमत म्हणजे आपल्या परंपरेत हा पाऊसच उदाहरणाला असतो. संस्कृतात न घडलेल्या क्रियेसाठी लृङ् नावाचा स्वतंत्र लकार आहे आणि तो शिकवताना चांगला पाऊस झाला असता तर सुकाळ झाला असता, हेच उदाहरण पिढ्यानपिढ्या दिलं जातं. तिथंही दोन्ही बाजूंना एकच रूप. जर्मन भाषेतही दोन्ही बाजू अशाच सारख्या असू शकतात. इंग्रजी मात्र दोन्ही बाजू वेगळ्या ठेवते: 'इफ इट हॅड रेन्ड, द क्रॉप वुड हॅव सर्व्हाइव्ड.' जरकडं 'हॅड', तरकडं 'वुड हॅव'. आपला मुलगा लिहितो, 'इफ इट वुड हॅव रेन्ड, द क्रॉप वुड हॅव सर्व्हाइव्ड.' त्याला दोन्ही पारडी समान हवी असतात. अमेरिकेत जन्मापासून इंग्रजी बोलणारी कित्येक माणसंही बोलताना असंच म्हणतात. परीक्षेत आणि छापील लेखनात ते चालत नाही, म्हणून 'हॅड' शिकवायलाच हवं. पण ही चूक करणाऱ्या मुलाला ढ म्हणायचा अधिकार कुणालाही नाही.

आणि आता येतो तो खराखुरा अवघड भाग, जिथं मराठी आपल्याला मदत करत नाही. एक वाक्य घ्या: 'माझी विहीर असती तर मी ऊस लावला असता.' हे कधीचं? आज विहीर नाही म्हणून आज ऊस लावत नाही, की गेल्या साली विहीर नव्हती म्हणून गेल्या साली लावला नाही? वाक्यावरून कळत नाही. पारावर बसून बोलताना अडत नाही, कारण कुणाची विहीर कधी खोदली ते ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. 'बाबा आज असते तर खूश झाले असते' यात आपण 'आज' शब्द घालून काम भागवतो, क्रियापद तेच राहतं. इंग्रजीला असं मोघम राहता येत नाही. आज विहीर नाही, तर 'इफ आय हॅड अ वेल, आय वुड प्लांट शुगरकेन.' तेव्हा नव्हती, तर 'इफ आय हॅड हॅड अ वेल, आय वुड हॅव प्लांटेड शुगरकेन.' दोन 'हॅड' लागोपाठ पाहून मुलं हसतात आणि एक खोडून टाकतात. त्यांना सांगावं लागतं की पहिला 'हॅड' मागं नेणारा आहे, दुसरा विहिरीच्या मालकीचा. खरेपणापासून दूर जायला एक पाऊल मागं, आणि काळानंही मागं जायचं असेल तर आणखी एक. इतकी साधी पायरी आहे, पण ती कुणी दाखवली नाही तर मराठी मुलाला आपणहून सुचणार नाही. शिक्षकांनी आपला वेळ इथं घालावा. 'आय वॉज' की 'आय वेअर' यावर अख्खा तास घालवतात, तेवढी त्याची योग्यता नाही. लिहिताना 'इफ आय वेअर यू' लिहा, बोलताना दोन्ही ऐकू येतं.

गाइडांमध्ये पहिला प्रकार (घडू शकणारं), दुसरा प्रकार (आज नसलेलं), तिसरा प्रकार (तेव्हा न झालेलं) असा तक्ता असतो. तक्ता वाईट नाही. पण तीन प्रकारांत सगळं मावलं असं मुलाला वाटतं, तिथं घात होतो. या क्षेत्री राहून मला हिरण्यकशिपूची आठवण होणारच. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. माणसाकडून नको, पशूकडून नको. त्यानं अटींचा तक्ता मोठ्या हुशारीनं केला होता, पण एकेक रकाना सुटा धरून केला होता. संध्याकाळ आणि उंबरठा यांचा त्यात विचार नव्हता. इंग्रजी वाक्यांतही अशी उंबरठ्यावरची वाक्यं असतात. ती तक्त्यात दिसत नाहीत म्हणून मुलं ती चूक समजतात.

दोन उदाहरणं आपल्याच तालुक्यातली देते. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि माणसं ते पाहायला जातात. आता म्हणा: 'उजनी झालं नसतं तर जुनं पळसदेव आज जागेवर असतं.' अट त्या वेळची, परिणाम आजचा. इंग्रजीत: 'इफ उजनी हॅड नॉट बीन बिल्ट, ओल्ड पळसदेव वुड स्टिल बी देअर.' जरची बाजू तिसऱ्या प्रकारातली, तरची दुसऱ्या. तक्ता पाठ केलेला मुलगा इथं 'वुड हॅव बीन' लिहितो आणि आजचं वाक्य तेव्हाचं करून टाकतो.

आता उलट बाजू. नीरेचा डावा कालवा १८८०च्या दशकात बारामती-इंदापूरकडं आला. त्यामागं १८७६-७७च्या दुष्काळाचा चटका होता. 'हा मुलूख कोरडा नसता तर कालवा काढला नसता.' मुलूख तेव्हाही कमी पावसाचा होता, आजही आहे; कालवा मात्र एकदाच काढला. म्हणून: 'इफ धिस कंट्री वेअर नॉट ड्राय, द कॅनॉल वुड नॉट हॅव बीन डग.' इथं अट कायमची, परिणाम मागचा. तक्त्याकडं न बघता दोन्ही अर्ध्यांना वेगवेगळं विचारायचं: हे खरं आहे का, आणि हे केव्हाचं? ज्याला आपल्या गावाचा इतिहास ठाऊक आहे, त्याला ही उत्तरं शोधावी लागत नाहीत.

हे सगळं मार्कांपुरतंच असतं तर मी आपला एवढा वेळ घेतला नसता. पण ही पोरं उद्या नोकरीचे, बँकेचे, विम्याचे कागद वाचणार आहेत. कागदात 'इफ यू अप्लाय, वुई विल कन्सिडर' असेल तर अजून अर्ज करायला वाव आहे. 'इफ यू हॅड अप्लाइड, वुई वुड हॅव कन्सिडर्ड' असेल तर तो नकार आहे, कितीही गोड शब्दांत असला तरी. आणखी अवघड कागद असतो तो 'इफ' नसलेला. पीक विम्यात स्थानिक आपत्तीनं नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं, हे आपल्याला माहीत आहे. समजा एखाद्या पत्रात लिहिलं आहे, 'हॅड द लॉस बीन रिपोर्टेड इन टाइम, द क्लेम वुड हॅव बीन अ‍ॅडमिटेड.' वाचणारा 'इफ' शोधतो, सापडत नाही. 'रिपोर्टेड इन टाइम' आणि 'अ‍ॅडमिटेड' एवढे शब्द ओळखीचे दिसतात आणि दावा मंजूर झाला असं समजून तो घरी पेढे नेतो. वाक्याच्या सुरुवातीला उडी मारून आलेला तो 'हॅड' म्हणजेच 'जर', आणि तो न झालेल्या गोष्टीचा 'जर', एवढं एक त्याला कुणी शिकवलेलं नसतं. 'शुड यू नीड' मधला 'शुड' तसाच. तिथं 'पाहिजे' असा अर्थ लावला की सगळं वाक्य उलटंपालटं होतं.

असा कागदी जर-तर मराठीतही आहे आणि तो आपण बिनचूक वाचतो. 'विनापरवाना वाळूउपसा केल्यास कारवाई करण्यात येईल.' 'पाण्याची आवक वाढल्यास विसर्ग वाढविण्यात येईल.' केल्यास, वाढल्यास. यात 'जर' नाही, 'तर' नाही, कुणी हेही नाही आणि कधी हेही नाही. तरी भीमाकाठच्या पाचवीतल्या पोरालाही त्याचा अर्थ कळतो. मग 'हॅड द लॉस बीन' हे त्याच घरातलं वाक्य आहे, असं म्हणून शिकवायला काय हरकत आहे?

'अनलेस'चंही इथंच सांगते. आपण म्हणतो, 'जोपर्यंत पाऊस पडत नाही, तोपर्यंत पेरणी नाही.' मराठीत नकार दोनदा येतो, म्हणून मूल 'अनलेस इट डज नॉट रेन' लिहितं आणि अर्थ उलटा होतो. त्याला 'पाऊस पडल्याशिवाय' हे वाक्य द्या. 'शिवाय'मध्ये नकार आधीच भरलेला आहे, तसाच तो 'अनलेस'मध्ये आहे. मग चूक बहुधा होत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत दहा वर्षं होतात. एवढ्या काळात मराठीचा तास आणि इंग्रजीचा तास एकमेकांशी बोलतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द काढू नये, असा आग्रह काही ठिकाणी धरतात. तो आग्रह मला मान्य नाही. लहान मूल बोलायला शिकत असेल तेव्हा ठीक. पण नववी-दहावीत नियमाचं कारण समजावायचं असेल, तर ज्या भाषेत ते मूल विचार करतं ती भाषा वर्गाबाहेर उभी करून चालणार नाही.

माझी सूचना अगदी छोटी आहे आणि तिला सरकारी आदेश लागत नाही. पावसाळ्यात धरणांच्या विसर्गाचे निरोप येतात, ते फळ्यावर लिहा. मुलांकडून तोच निरोप तीन वेळा इंग्रजीत लिहून घ्या: एकदा पाणी येण्याआधी, एकदा धरण कोरडं असलेल्या सालातून, एकदा पूर ओसरल्यावर. प्रत्येक वेळी एवढंच विचारा, हे अजून घडू शकतं का? या गावातली मुलं त्याचं उत्तर तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर देतील.

आणि जे पेपर काढतात त्यांना एक विनंती. 'इफ ही' म्हणून पुढं रिकामी जागा, कंसात 'कम', आणि त्यानंतर 'टेल मी' एवढंच देऊ नका. अशा जागेत 'कम्स' सहज बसतं, पण थोडी लांबची शक्यता मनात असेल तर 'शुड कम'ही बसतं आणि मुलानं तसं लिहिलं तर त्याचे मार्क जाऊ नयेत. रिकामी जागा द्यायचीच असेल तर आधी दोन ओळींत परिस्थिती सांगा. काकांची एसटी टेंभुर्णीहून निघाली आहे की नाही ते माहीत नाही. किंवा, एसटी काल चुकली आणि काका लग्नाला पोचलेच नाहीत. मग जागा भरायला सांगा.